उपाशी मृदंग

बसा मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, जागा आहे. खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच ऐका, पण डोळे उघडे ठेवा.

आज एकच प्रश्न आहे. जगात दुसरी नाही अशी वस्तू तुमच्या हातात आली, आणि ती काही केल्या बोलेचना, तर दोष कोणाचा? वस्तूचा? देणाऱ्याचा? की घेणाऱ्याचा? उत्तर आत्ता देऊ नका. आत्ता दिलंत तर मी घरी जाऊ का?

हे आख्यान याच जागी माझे वडील सांगत. पुष्कळांनी त्यांच्याकडून ऐकलं आहे. माझ्याकडून काही राहिलं तर हे आमचे रंगनाथकाका आहेतच मृदंगावर. ते हळूच डोळे वटारतात, मला कळतं.

तर ऐका. सात डोंगरांच्या पलीकडे सोनकडा नावाचं राज्य. एके दिवशी त्या राज्यावर धुकं उतरलं. सकाळी येऊन दुपारी जाणारं नव्हे हो. उतरलं ते तीन वर्षं उठलंच नाही. शेजाऱ्याचं दार दिसेना, शेतात दाणा भरेना. सूर्य कसा असतो, हे लहान मुलांना चित्र काढून सांगायची वेळ आली.

तिथला राजा भद्रकेतू अंथरुणाला खिळलेला. राजवैद्य म्हणाले, आता मोजके दिवस. राजाने मुलाला जवळ बोलावलं. मुलगा सुकेतू, वय वर्षं एकोणीस.

राजा म्हणाला, "सुकेतू, औषध पुरे. एकदा या हातावर ऊन पडलेलं बघायचं आहे."

बस, एवढंच. आता सांगा, बाप असं म्हणाल्यावर कोण घरात बसेल?

उत्तरेच्या कड्यावर एका गुहेत मेघमर्दन नावाचा मृदंग होता. त्याच्या एका थापेने आभाळ फाटतं, अशी त्याची ख्याती. सुकेतू निघाला. राजवाड्यातली स्वयंपाकीण गोदाक्का दारात आडवी आली. कणगीचा तळ खरवडून, ते दाणे दळून तिने पीठ आणलं होतं.

"बाळराजे, आठ मुठी आहेत. चार जाताना, चार येताना."

"आणि तुम्ही काय खाणार, गोदाक्का?"

"मी तुमची वाट बघणार. त्यात वेळ जातो."

धुक्यात वाट चुकली. चार दिवसांचे सात झाले. दरडी चढला, नद्या ओलांडल्या, एका अजगराला ओंडका समजून त्यावर बसलासुद्धा! अजगरालाही तीन वर्षांत कोणी भेटलं नव्हतं, तो काही बोलला नाही. आठव्या सकाळी राजपुत्र गुहेशी पोचला, तेव्हा पुरचुंडीत उरली होती एकच मूठ.

गुहेच्या तोंडाशी राखणदार यक्ष. ताडाएवढा, खांद्यांवर शेवाळ वाढलेलं. सुकेतूने तलवार उपसली.

यक्ष म्हणाला, "ती त्या कोपऱ्यात ठेव. ओली आहे, गंजेल."

"युद्ध करायचं नाही?"

"या वयात? मृदंग आत आहे, वाजव. तू सतरावा."

"आधीच्या सोळांचं काय झालं?"

"थापा मारल्या, हात सुजवून घेतले, मृदंग खोटा आहे म्हणाले आणि गेले. दोघे तर मलाच शिव्या देऊन गेले."

सुकेतू आत गेला. मृदंग मांडीशी घेतला. सगळं बळ एकवटून थाप मारली. काय वाजलं? काका, दाखवा. नुसती उजवी बाजू. — ता. ऐकलंत? कोरडं, टणक. पुन्हा मारली. ता. डाव्या बाजूकडून काहीच नाही, जसा रिकाम्या डब्यावर हात पडावा. धुकं जागचं हललं नाही.

यक्ष बाहेरून म्हणाला, "सतरावाही तसलाच."

मंडळी, ते सोळा राजपुत्र मूर्ख नव्हते बरं. त्यांनी मृदंग ऐकला होता सिंहासनावर बसून. त्याआधी मागच्या खोलीत काय चालतं ते कोण बघायला जातो? पण भद्रकेतू स्वतः मृदंग वाजवायचा, आणि आरतीआधीचं एक काम त्याने लेकाला लावून दिलं होतं. पोराला त्याचा मनस्वी कंटाळा. इतर मुलं खेळायची आणि हा परातीशी बसून मूठभर कणीक मळायचा. हे काका बघा — डाव्या बाजूला मधोमध ही ओली कणीक थापलेली आहे. तिच्याशिवाय घुमार नाही. राजा म्हणायचा, "उपाशी आहे रे तो. आधी त्याला भरव, मग बोलायला सांग." पुढे दुष्काळ आला, पीठ पोटाला पुरेना, राजाने स्वतःच कणीक बंद केली. तीन वर्षांत पोरगा विसरूनही गेला.

त्या थापेने त्याला सगळं आठवलं. ता, नुसतं ता. हा आवाज कसला, हे सतरांमधल्या एकालाच माहीत होतं.

त्याने पुरचुंडी सोडली. यक्ष उठून आत आला.

"तुझ्याकडे तेवढंच आहे?"

"तेवढंच."

"परतीला चार दिवस आहेत. रिकाम्या पोटी तो कडा उतरता येत नाही. इथवर पोचून उतरताना तू पडलास, तर घरी बापाला कळणारही नाही."

सुकेतू थांबला. थांबणारच. आपण काय केलं असतं? निम्मं ठेवलं असतं. मी ठेवलं असतं. पण निम्म्या मुठीने एवढा मोठा मृदंग बोलत नाही, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं.

पाणी कुठे होतं? गुहेच्या कपारीतून धुकंच थेंब थेंब ठिबकत होतं. ते त्याने ओंजळीत धरलं आणि त्याच धुक्याच्या पाण्यात शेवटची मूठ मळली. भुकेने अंदाज चुकला, पाणी जरा जास्त झालं. डाव्या बाजूला थापली, अंगठ्याने कडा दाबल्या, आणि दोन्ही हात एकदम टाकले—

धा!

नाद पार सोनकड्यापर्यंत घुमला आणि धुकं वरपासून खालपर्यंत फाटलं. डोंगर दिसला, डोंगरामागचा डोंगर दिसला, आणि सात नद्या एकदम चमकल्या. सोनकड्याची माणसं दारात आली आणि एकमेकांकडे बघत राहिली. तीन वर्षांत कोण किती वाळलं, ते आत्ता दिसत होतं.

राजाने अंथरुणातून हात पुढे केला. खिडकीतून ऊन आलं आणि त्या हातावर पडलं. बराच वेळ तो बघत राहिला. मग गोदाक्काला म्हणाला, "वाजवलं पोराने. पण कणीक किंचित सैल आहे."

आणि इकडे? सुकेतू कड्यावर बसून खालची वाट बघतोय. दिसते आहे, पण पोटात काही नाही. यक्ष म्हणाला, "वाजवून झालं की ती कणीक काढतात ना? का तशीच ठेवतात?"

"काढतात."

"मग काढ. तो दगड बघ कसा तापलाय."

तीन वर्षांनी तापलेल्या दगडावर त्यांनी त्या कणकेची भाकरी भाजली. निम्मी यक्षाने खाल्ली. म्हणाला, "जुन्या कातड्याचा वास येतो. बाकी बरी आहे." वाट दिसत होती, म्हणून चार दिवसांचा रस्ता राजपुत्र दोन दिवसांत उतरला.

राजा अंगणात उन्हात बसला होता. सुकेतूने पाय धरले.

"सैल होती," राजा म्हणाला.

"हो आबा. पाणी जास्त झालं."

"लक्ष कुठे होतं?"

"भूक लागली होती."

राजाने त्याचे हात आपल्या हातात घेतले. नखांत कणीक अजून होती. पुढे राजा किती जगला? एक पीक त्याने डोळ्यांनी पाहिलं, नव्या पिठाची भाकरी खाल्ली, आणि मग गेला. उजेडात गेला.

आता तुमच्याकडे येते. घरात कोणी बोलेनासं झालंय? मुलगा? सून? सख्खा भाऊ? तुम्ही म्हणता, सगळं करून पाहिलं. थापा मारून पाहिल्यात, मला माहीत आहे. हात सुजलेत तुमचे. स्वतःच्या ताटातलं काही काढून तिथे लावलंत का? सोळांमधले आहात, की सतरावे? आज घरी जा, आणि जेवायला बसण्याआधी त्या माणसापाशी जाऊन बसा.

काका, कणीक लावली आहे ना?

"लावली आहे, ताई. तुमचे वडील लावायला सांगायचे तशीच."

सैल आहे?

"किंचित."

असू दे. वाजवा.