कंडक्टरचे पत्ते

(नेर. लग्नपत्रिका छापायचं दुकान. दुपारी कॉम्प्युटरसमोर दोघं बसले आहेत. पडद्यावर हातानं लिहिलेले, स्कॅन केलेले खेळायचे पत्ते आहेत.)

सुनील : पाहा विजयमालाताई, हर पत्त्यावर काळा ठिपका येऊन राह्यला. चोवीस पत्ते, चोवीस ठिपके. सकाळपासून तेच पुसून राह्यलो.

विजयमाला : ठिपका नाही, सुनीलभाऊ. भोक आहे. आमच्या ह्याईनं पंच मारला.

सुनील : देवरावजींनं? कायले?

विजयमाला : तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. लकव्यानं उजवा हात गेला, अर्धं बोलणं गेलं. डाव्या हातात तिकिटाचा जुना पंच घेऊन बसत दिवसभर. म्हून मी हा खेळ काढला. माझ्याजवळ पाशिंजराचे पत्ते, त्याईच्याजवळ गावाचे. पाशिंजर बरोबर गावी उतरला का पंच. पंच झाला का पत्ता बाद.

सुनील : मंग दुसऱ्या दिवशी?

विजयमाला : दुसऱ्या दिवशी नवे चोवीस लिहिते मी. पाच महिने झाले. कोरा डाव घरात उरतच नाही, म्हून हा भोकाचाच आणला.

सुनील : "दारव्ह्याची बाई, कडेवर लेकरू, अर्धं तिकीट मागते." हे मस्त आहे. पण तुमी पार काठापर्यंत लिहिलं. मशीन कापते तवा काठ खाते. बाई राहीन, लेकरू कटून जाईन.

विजयमाला : कागद वाया जाऊ नये म्हून लिहिलं. लहान करा अक्षर.

सुनील : करतो. अन् पत्रिकेच्या पुठ्ठ्यावर छापून वरतून लॅमिनेशन मारू. पंच नोका मारू, पेनानं खूण करा. जन्मभर टिकतीन.

विजयमाला : पंच नाही तं ते खेळत नाही. अन् पुठ्ठा नोका घेऊ. पहिले मी तुमच्याच जुन्या पत्रिका कापून लिहायची. मंग वहीचं कव्हर घेतलं. आता वहीचा साधा कागद.

सुनील : डावा हातही कमी चालते का?

विजयमाला : कधी कधी मी खालून बोटानं दाबून देते. त्याईले समजते. मंग तोंड फिरवून बसते माणूस.

सुनील : तुमीही थकल्या, ताई.

विजयमाला : लय थकली. परवा पाठ इतकी भरून आली, लिहिलंच नाही, पडून राह्यली. चार वाजता टिकटिक ऐकू आली. गाडीत तिकीट मागाले वाजवत ना, तसा नुसता पंच वाजवून राह्यले. खाली पत्ता नाही, काही नाही. मले राग आला, अन् रडूही आलं. त्याच दिवशी ठरवलं, छापून घ्यायचे.

सुनील : एका शीटवर एक डाव बसते. एक शीट म्हंजे एक दिवस. किती काढू?

विजयमाला : तुमीच सांगा.

सुनील : ते मी कसं सांगू, ताई?

विजयमाला : डॉक्टरही असंच म्हणते. काढा शंभर. पातळ कागदावर.

सुनील : शंभर, पातळ. लिहून घेतलं.

विजयमाला : अन् शंभर पुठ्ठ्यावर.

सुनील : पण आताच तं तुमी म्हटलं, पुठ्ठा त्याईच्यानं...

विजयमाला : आज नाही होत, माहीत आहे मले. पण छापून ठेवा. हात सुधरला तं पातळ कागद फाटन.