स्टोव्हचं वायसर

गुलमंडीवर स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानात मी आईचा स्टोव्ह घेऊन उभी होते. ती गेल्यापासून तो पेटवला नव्हता. माझ्यापुढे लासूर स्टेशनची एक म्हातारी होती. तिचा नवरा समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. दुकानदारानं तिचा स्टोव्ह पेटवून पाहिला.

"मावशी, पहिल्याच खेपेला पेटला. बिघाड काय नाय यात."

"माझ्या हातानं बी पेटतो, भाऊ. ह्यांच्या हातानं पेटंना. दुखण्यातून उठल्यापासून पंप मारायला जोरच नाय."

"मग तुम्ही पेटवत जा."

"चाळीस वर्सं माझ्या अंघोळीचं पाणी त्यांनीच तापवलंय. आता रोज स्टोव्हला शिव्या देत बसतात, अन् मी गार पाण्यानं उरकते."

"या थंडीत?"

"मी पेटवला तर त्यांना कळंल ना, बिघाड कशात हाय ते."

"थांबा. पंपात चामड्याचं नवं वायसर घालतो, तेलात भिजवून. पंप लई हलका चालंल."

"हे आले बघा."

"या आप्पा! वायसर पार वाळलं व्हतं. पैलवानाला बी पेटला नसता."

"मी हिला तेच सांगत व्हतो! ऐकतीय का?"

"व्हय, चुकलं माझं. उद्या पाणी जरा कडकच तापवा."