पश्चिम काठावरची ओळख

(लक्झर. नाईलच्या पश्चिम काठावर, डोंगरात कोरलेलं एक जुनं थडगं. मन्सूराहून सहलीला आलेले वग्दी आणि त्यांची बायको इन्शिराह आत चित्रं बघत उभे आहेत. तय्यिब हा म्हातारा पहारेकरी दाराशी.)

इन्शिराह : आणि तो चहावाला?

वग्दी : कुठला चहावाला?

इन्शिराह : होडीवरचा. मला विचारलं, साखर किती घालू. तुम्हाला विचारलंच नाही. बिनसाखरेचा, पुदिना घालून, सरळ हातात आणून दिला. तुम्हाला मधुमेह आहे हे काय कपाळावर लिहिलंय?

वग्दी : अगं, माझ्या वयाचा माणूस बघितला की अंदाज येतो त्यांना. तू ती भिंत बघ. काय रंग आहेत! काल दिल्यासारखे.

इन्शिराह : बघितले रंग. गाडीवाल्यानेही कुठे जायचं विचारलं नाही. त्याचाही अंदाजच?

वग्दी : बाहेरगावच्यांना इकडेच आणतात.

इन्शिराह : बाहेरगावच्यांना राजांच्या खोऱ्यात नेतात. सगळ्या बसगाड्या तिकडे वळल्या, आपलीच तेवढी इकडे. तिकडे एवढे मोठे राजे पडलेत आणि तुम्ही मला आणलंत कुणा कारकुनाच्या थडग्यात.

वग्दी : कारकून नव्हता. धान्याच्या कोठारांवरचा अंमलदार होता.

इन्शिराह : हे कुणी सांगितलं तुम्हाला? इथे पाटी तर दिसत नाही.

वग्दी : वाचलं असेल कुठेतरी.

इन्शिराह : तुम्ही? तीस वर्षांच्या संसारात औषधाच्या बाटलीशिवाय तुम्ही काही वाचलेलं मी बघितलं नाही.

तय्यिब : आरसा धरू का सायेब? भाईरचं ऊन आत पाडतो. भिंत कशी लख्ख दिसंल.

वग्दी : नको, नको. तू बाहेर थांब.

इन्शिराह : का नको? धरू दे की. हे घ्या दादा, चहापाण्याला.

तय्यिब : न्हाई बाई. तुमच्याकडनं कसं घेऊ?

इन्शिराह : का? माझ्याकडून घ्यायला काय झालं?

तय्यिब : तसं न्हवं… मी हाय भाईर.

इन्शिराह : बघितलंत? पहारेकऱ्याने बक्षिसी नाकारली. ऐकलंय का असं कधी? मघाशी त्या गोऱ्या बाईच्या मागे पार रस्त्यापर्यंत गेला होता हाच.

वग्दी : सईदी माणूस. स्वाभिमानी असतात हे वरच्या मुलखातले. तू इकडे ये, हे बघ. हा तो अंमलदार, ही शेजारी त्याची बायको. किती प्रेमाने खांद्यावर हात ठेवलाय!

इन्शिराह : प्रेमाने नाही. धरून ठेवलंय त्याला. तिला नवऱ्याचे गुण ठाऊक असणार. कोण आहे ती?

वग्दी : त्याची बायको. म्हटलं ना आत्ता.

इन्शिराह : भिंतीवरची नाही. तुमची.

वग्दी : इन्शिराह! वेड लागलं का तुला?

इन्शिराह : लागायचं होतं, उशीर झाला. मी म्हणायची, चला कुठेतरी, तर तुम्ही म्हणायचात दुकान कोण बघेल. आणि गेल्या आठवड्यात अचानक म्हणालात, चल, पुरातन वास्तू बघू. तुम्हाला पुरातन काय आवडतं? मी पुरातन झाले तेव्हापासून माझ्याकडेही बघत नाही तुम्ही. आणि मेलेल्यांची चित्रं बघायला कुणी मिशी काळी करून येतं का?

वग्दी : हळू बोल. तो ऐकतोय.

इन्शिराह : ऐकू दे. त्याला सगळं माहीत असल्यासारखाच वागतोय. त्या पिशवीत काय आहे?

वग्दी : स्वेटर. संध्याकाळी वारा सुटतो नदीवरून.

इन्शिराह : इकडे द्या.

वग्दी : अगं, खेचू नकोस… इन्शिराह, फाटेल ती…

इन्शिराह : हे स्वेटर? हे बूट कुणाचे? हे एवढेसे बूट कुणाचे, वग्दी?

वग्दी : खोलीवर गेल्यावर सांगतो.

इन्शिराह : म्हणजे मूलसुद्धा आहे. देवा रे, मूलसुद्धा आहे! सवत असती तर एक वेळ गिळली असती. या वयात पाळणा?

वग्दी : तुला वाटतंय तसं काही नाही. वल्लाही, काही नाही!

इन्शिराह : अल्लाला मधे घेऊ नका. लेकीच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं म्हणा. रानियाची शपथ, मी या गावात याआधी कधीच आलो नव्हतो. म्हणा.

वग्दी : रानियाला कशाला मधे आणतेस?

इन्शिराह : म्हणवत नाही ना? संपलं.

तय्यिब : अबू हाझिम, पोरगी उठली म्हनं. घरून सांगावा आलाय, या म्हनत्यात… या अल्ला! अजून सांगितलं न्हाई व्हय तुमी?

इन्शिराह : काय म्हणाला हा?

वग्दी : तय्यिब, जा तू बाहेर.

इन्शिराह : कुठे जायचं नाही. हाझिमचा बाप म्हणाला तो तुम्हाला. माझ्या हाझिमचा बाप.

वग्दी : खाली बस आधी. तोंड पांढरं पडलंय तुझं.

इन्शिराह : आठ वर्षं. आठ वर्षं आपल्या घरात हे नाव कुणी उच्चारलं नाही. हाझिमची आई म्हणणाऱ्या शेजारणी मला रानियाची आई म्हणायला लागल्या. जिन्यात उभे राहून तुम्हीच ओरडलात ना, माझ्या भावाच्या मुलीला लग्नाच्या आदल्या दिवशी टाकून गेला तो माझा कुणी नाही, त्याचं नाव घेईल तिनेही घर सोडावं? सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं होतं. कुठे आहे तो?

तय्यिब : हितंच हाय, बाई. टेकडीच्या खाली. थडग्यांतल्या भिंती साफ करायच्या कामावर आला, ऱ्हायला. ही भिंत त्यानंच उजळली. काजळीनं काळी ठिक्कर होती. माझी धाकटी दिली त्येला. म्हनून म्हनलं, विहीणबाईंकडनं बक्षिसी कशी घ्यावी मानसानं?

इन्शिराह : तुमची मुलगी. म्हणजे तुम्ही लग्नाला होतात.

तय्यिब : व्हतो.

इन्शिराह : आणि हे?

तय्यिब : ते… ते बी व्हते.

इन्शिराह : कधीपासून येताय तुम्ही इथे?

वग्दी : तो मचाणावरून पडला होता. कंबरेचं हाड मोडलं. इथल्या दवाखान्यातून दुकानात फोन आला. मी तुला सांगितलं, माल बघायला अलेक्झांड्रियाला चाललोय.

इन्शिराह : त्या वेळी हलवा आणला होतात.

वग्दी : परतताना तांता स्टेशनवर घेतला.

इन्शिराह : मी तो सगळ्यांना वाटला. माझं पोरगं इथे मोडून पडलेलं आणि मी हलवा वाटत फिरले. नंतर किती खेपा झाल्या?

वग्दी : जमेल तेव्हा यायचो. तुला सांगणार होतो. पण वर भाऊ राहतो, तुझ्या तोंडून एक शब्द निसटला असता तर त्याने जन्मात माझं तोंड पाहिलं नसतं. एवढं ओरडून ठेवलेलं. ते परत कसं गिळायचं?

इन्शिराह : तो विचारायचा माझ्याबद्दल?

वग्दी : दर वेळी.

इन्शिराह : काय सांगायचात?

वग्दी : जाऊ दे ते आता.

इन्शिराह : काय सांगायचात?

तय्यिब : सांगा अबू हाझिम. न्हाईतर पोरगंच सांगंल.

वग्दी : सांगायचो… आईचा राग अजून गेला नाही.

इन्शिराह : माझा?

वग्दी : दुसरं काय सांगणार होतो? मीच तुला येऊ देत नाही, असं?

इन्शिराह : माझा राग! मी न्हाणीघरात नळ सोडून रडायची, वग्दी. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि तुम्ही दार वाजवून म्हणायचात, पाणी वाया घालवू नकोस.

वग्दी : ऐकू यायचं मला.

इन्शिराह : ऐकू यायचं?

वग्दी : नळ सोडला तरी ऐकू यायचं.

तय्यिब : बाई, पानी घ्या जरा. घोटभर घ्या.

इन्शिराह : आज का आणलंत मग? दया आली?

वग्दी : त्याने दारच बंद केलं. पोरगी चालायला लागलीय. मागच्या खेपेला म्हणाला, आता आईला घेऊन या, नाहीतर तुम्हीही येऊ नका.

इन्शिराह : म्हणजे हेही तुमच्या मनाने नाहीच. ती पिशवी इकडे द्या.

वग्दी : चल, मी दाखवतो घर.

इन्शिराह : तुम्ही यायचं नाही.

वग्दी : अगं, त्याला काय वाटेल? दोघं मिळून…

इन्शिराह : त्याला काय वाटेल ते मी बघते. तुम्ही समोर असलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघून बोलेल. मला माझं त्याच्याशी बोलायचंय. माझा म्हणून सांगितलेला राग खरा कुणाचा होता, तेही. व्याहीबुवा, घर कुठलं?

तय्यिब : ह्यो उतार उतरला की निळ्या दाराचं. अंगनात बदकं दिसतील. माझ्या लेकीला हाक मारा. आवं, सावकाश! वाळू घसरती… गेल्या की हो पळतच.

वग्दी : गुडघे दुखतात म्हणत होती सकाळी.

तय्यिब : तुमी न्हाई जायाचं?

वग्दी : ऐकलंस ना? बोलावेल तेव्हा.

तय्यिब : बसा मग सावलीला. पर कवा बोलावतील, काय म्हनल्या का?

वग्दी : नाही. मी तरी तिला कुठे सांगितलं होतं?