पाळण्याला बांधलेला बिल्ला

पोलीस स्टेशन साखरखेर्डा, जिल्हा बुलढाणा
जबाब, दिनांक २१/०२/२०२५

सौ. अन्नपूर्णाबाई पुंजाजी ठेंग, वय ५३ वर्षे, शिक्षण चौथी, व्यवसाय शेती व घरकाम, रा. सावरटेक, ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा.

मी समक्ष पोलीस स्टेशनला हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती पुंजाजी यांच्यासह राहते. आम्हाला अनुपमा नावाची एकच मुलगी असून ती चिखली येथे दिलेली आहे. गावाच्या वरच्या टेकडीत युरेनियमची चाचणी खाण सुरू झाल्यापासून माझे पती तेथे दगड भरण्याच्या कामावर आहेत. खाणीच्या कार्यालयाने त्यांच्याविरुद्ध अशी तक्रार दिली आहे की, जास्त किरणांचा दगड ठेवतात त्या कुंपणातल्या बंद साठ्यात ते शिरले व तेथील दगड चोरून घरी आणला. त्यावरून त्यांना घरी बसवले आहे. माझ्या पतीने चोरी केलेली नाही. त्यांना स्वतःच्या घरातला गूळसुद्धा चोरून खाता येत नाही, लगेच मिशीला लागलेला दिसतो.

खाणीतल्या प्रत्येक माणसाच्या छातीला एक बिल्ला असतो. प्लास्टिकची डबी व तीत एक पातळ पट्टी. कामाच्या पहिल्या दिवशी साहेबांनी सर्वांना सांगितले की, या दगडातून किरणे निघतात, ती दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आणि हा बिल्ला तुमच्या रक्षणासाठी आहे, तो लावल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. पतीने घरी येऊन मला ते जसेच्या तसे सांगितले. न दिसणाऱ्या गोष्टीपासून राखणारी वस्तू म्हणजे काय, हे आम्हाला वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्या गावात अर्ध्या लेकरांच्या गळ्यात ताईत आहे. बिल्ला नुसता मोजतो, राखत नाही, हे मला या महिन्यात कळले.

अनुपमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून आम्ही दसऱ्याच्या आधी घराला लागून एक खोली काढली. जोत्यात भर घालायला दगड लागत होता. खाणीतला टाकाऊ दगड वाहणारा ठेकेदाराचा ट्रॅक्टर तेव्हा गावातूनच जात असे. तो माल कुंपणाच्या आत ढिगावर टाकायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. ट्रॅक्टरवाला गोकुळ घरासमोर थांबून म्हणाला, "काकू, भर पायजे का? ढिगापर्यंत चढवत नेतो तं डिझेल जाते. इथंच टाकून देतो." मी म्हणाले, "टाक बाप्पा, तुह्ये लेकरं सुखी राहोत." फुकट ते पौष्टिक, म्हणून गावात आणखी काही घरांनी घेतला. दगड काळपट होता, चांगला चिवट होता. मीच तो घमेल्याने जोत्यात भरला, वर माती चोपली आणि शेणाने सारवले. पती त्या वेळी कामावर असत.

अनुपमाला मुलगी झाली. पाचवीला पाटा-वरवंटा पुजला, पाळण्याला बिब्बा, लसूण, काळा दोरा बांधला. लेकरू वजनाला कमी होते, रडायचे तर आवाज निघत नव्हता. मला फार भीती वाटत होती. मी पतीला म्हणाले, "तुमचा तो बिल्ला द्या. लेकराले बांधतो."

ते म्हणाले, "अन् मी गेटवर काय दाखू?"

"रिकामी डबी दाखवा."

त्यांनी जास्त विचार केला नाही. पट्टी काढून माझ्या हातात दिली व म्हणाले, "मले काय हून राह्यलं आता. तिले बांध." गेटवरचा वॉचमन डबी पाहतो, डबीत काय आहे ते पाहत नाही. त्यामुळे ते पट्टी जमा करण्याच्या दिवसापर्यंत रिकाम्या डबीवर खाणीत जात होते. मी ती पट्टी लाल फडक्यात शिवून पाळण्याच्या दोरीला बांधली. लेकराला थोडी नजर आल्यावर ते तिच्याकडे पाहून हात हलवीत असे.

बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीच्या खिडकीला पोते ठोकले होते व दार लोटलेले असे. अनुपमा शेगडीपुरती, आंघोळीपुरती इकडे-तिकडे होई, लेकरू मात्र रात्रंदिवस त्याच खोलीत होते. वर्ष संपल्यावर बिल्ले तपासायला जमा करायचे होते, तेव्हा मी पट्टी सोडून पतीला दिली. त्यांनी ती डबीत घालून जमा केली. संक्रांत करून अनुपमा लेकराला घेऊन सासरी गेली.

तपासणीत माझ्या पतीच्या नावावर किरणांचा जो आकडा आला, तेवढा खाणीत खाली उतरणाऱ्या कोणाचाही नव्हता. साहेबांनी विचारले, कुठे गेला होतास? पती म्हणाले, कुठेच नाही. बिल्ला अंगावरच होता का, असे विचारल्यावर हो म्हणाले. ते खोटे होते. बिल्ला काढला म्हणून काम जाईल, या धाकाने ते तसे बोलले आणि मग तोंडाला कुलूप लावून बसले. त्यावरून हा बंद साठ्यात शिरला व तिथला दगड घरी घेऊन गेला, असा साहेबांनी अर्थ काढला.

पुढे खाणीत किरणांपासूनची सुरक्षा पाहणाऱ्या पुष्पांजली मॅडम किरणे मोजायचे यंत्र घेऊन आमच्याकडे चोरीचा दगड शोधायला आल्या. अंगणात यंत्र मधूनच एखादी टिकटिक करी. नव्या खोलीत पाऊल टाकल्यावर मात्र ते थांबेना. मॅडमनी ते जमिनीजवळ नेले, नंतर पाळण्याच्या कडीखाली धरले. मग त्यांनी खिडकीचे पोते ओढून काढले व विचारले, "इथं कोण झोपत होतं?" मी सांगितले. बिल्ल्याचेही सांगितले. मॅडम तिथेच खाली बसल्या.

मॅडम मनाने भल्या आहेत. त्यांनी मला नीट समजावले की, लेकराला आज लगेच काही होणार नाही, पण मोठ्या दवाखान्यात दाखवत राहावे लागेल. त्या दगडातून वायूही निघतो, तो बंद खोलीत कोंडला. जोते उकरून भर परत नेऊ, तोवर खोलीत कोणी राहू नये. दगड घेतलेली बाकीची घरेही त्यांनी त्याच दिवशी मोजली. शेवटी म्हणाल्या, "मावशी, हे सगळं लिहून द्या. बिल्ला कामगाराच्या अंगावर नव्हता, म्हणजे हा आकडा त्यांचा नाही. नियमाप्रमाणे तो रद्द होईल आणि तक्रारही मागे घेता येईल."

पती म्हणाले, "अनूची माय, होऊ दे रद्द. मी सुटून जातो."

मी मॅडमना विचारले, "रद्द म्हंजे मंग तो आकडा कोनाचाच नाही?"

त्या म्हणाल्या, "आमच्या नोंदीत फक्त कामगार असतात. लहान मुलांसाठी रकानाच नाही."

"पन किरनं तं तिच्याच अंगावर पडली."



तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. गोकुळचा राग येतो, त्याच्या ठेकेदाराचा येतो, आणि घमेले उचलणाऱ्या या हातांचा सर्वांत जास्त येतो. उद्या पोर मोठी होईल. देव न करो, पण काही दुखणे निघाले तर डॉक्टर विचारतील की लहानपणी किरणे किती लागली होती. तेव्हा दगड उकरून नेलेला असेल, खोली पाडलेली असेल, आम्ही दोघे असू किंवा नसू. तिला किती लागली ते सांगणारा तो एक आकडा आहे. बाकी जगात कोणालाही ते माहीत नाही. आणि तोच चुकीचा म्हणून पुसायचा म्हणतात.

तरी माझे म्हणणे असे आहे की, पतीच्या नावावरून तो आकडा काढावा, कारण तो त्यांचा नाही. बिल्ला काढल्याची जी शिक्षा असेल ती त्यांना द्यावी, आमची ना नाही. कुंपणातला दगड गावात कसा वाटला गेला याची चौकशी व्हावी. पण आकडा रद्द करू नये. तो माझ्या नातीच्या नावावर लिहावा. रकाना नसेल तर आखावा.

हवालदार गणेश साहेब म्हणाले की, हे पोलिसांच्या हातात नाही. मी म्हणाले, "लिवनं तं तुमच्या हातात हाये नं साहेब? तेवढं लिवा." त्यांनी लिहिले ते असे: कु. अपेक्षा, आईचे नाव अनुपमा, वय तीन महिने, रा. चिखली.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. नातीचे नाव आले तेथे मी त्यांना थांबवून पुन्हा वाचायला लावले. नाव बरोबर आहे. बाकीचेही मी सांगितले तसेच आहे व खरे आहे.