मडिवाळप्पा हजर

त्र्याहत्तर साली सोलापुरात धर्मादाय कचेरीच्या रांगेत, माझ्यापुढं मुलींच्या वसतिगृहाचे चिटणीस आबासाहेब आणि दिवंगत विश्वस्त मडिवाळप्पांच्या पत्नी काशम्मा उभ्या होत्या. बैठकांची वही काशम्मांनी छातीशी धरली होती.

“वैनी, वही द्या. नाव खोडतो.”

“खोडायचं न्हाय.”

“मालक जाऊन दोन वर्षं झाली. मानापायी मी दर बैठकीला त्यांनाच हजर लिवलं. साहेब इचारतील, मेलेला माणूस हजर कसा?”

“इचारू द्या की.”

“वसतिगृहाला कुलूप लागंल! पोरी कुटं जातील?”

“म्हणूनच खरं सांगायचं. त्यांच्या खुर्चीवर बसून ठरावाला हात कोण वर करत होतं?”

“तुमी.”

“मग माजं नाव लिवायला काय झालं होतं?”