पस्ट्रामीची वाटणी

लिबोविट्झांच्या पस्ट्रामीच्या, म्हणजे मसाला लावून धुरावलेल्या मांसाच्या सँडविचच्या दुकानात पर्ल रांगेत उभी होती. पुढचं म्हातारं जोडपं भांडत होतं.

"घर तुला, गाडी मला. सोमवारी-बुधवारी इथं मी जेवणार, मंगळवारी-गुरुवारी तू."

"तू दुसरीकडे जा की, मोर्ट! अख्खं ब्रुकलिन पडलंय."

"दुसरीकडची पस्ट्रामी म्हणजे मोहरी लावलेली चप्पल. घटस्फोट तुझ्याशी घेतोय, हेनी, लिबोविट्झांशी नाही."

"बरं, आटप. दोनला वकिलाकडे सह्या करायच्यात."

"बोला, किती सँडविच?" सुरी थांबवून लिबोविट्झनं विचारलं.

"एकच, नेहमीसारखं दोघांत," मोर्ट म्हणाला. "एवढा मांसाचा डोंगर एकट्याला कुठे संपतो?"

"मला उद्यापासून अर्धं देत जा हं," हेनी म्हणाली.

"अर्धं मिळत नाही, बाई. आजोबांनी विकलं नाही, बाबांनी नाही, मीही नाही."

हेनीनं काउंटरवरच्या मांसाच्या ढिगाकडे पाहिलं, मग मोर्टकडे. पर्ल आपली भूकच विसरली.

"मोर्ट, वकिलाला फोन लाव."

"काय सांगू?"

"सांग, आम्ही जेवायला बसलोय."