माप बरोबर आहे, पण अंगावर बसत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कलावंत मंडळाचे ज्येष्ठ शिल्पकार; प्रमुख पाहुण्या ग्रंथपालबाई; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या ताई; समोर बसलेले माझे चित्रकार बंधुभगिनी, फ्रेमवाले, लाँड्रीवाले काका; आणि ‘आपल्याला बुवा चित्रातलं काही कळत नाही’ असं सांगत वीस-बावीस वर्षं न चुकता चित्रं बघायला येणारे सर्व रसिकहो,

मी चार पानी भाषण लिहून आणलं होतं. ते हे, या खिशात आहे आणि खिशातच राहणार आहे. परवा मंगळवारी दुपारी असं काही घडलं की त्यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. मी अजून सावरलेलो नाही. जे सांगणार आहे ते ताईंना विचारून सांगतोय. त्या म्हणाल्या, “तुम्हीच सांगा. मी सांगायला गेले तर रडेन.” तेव्हा अध्यक्षमहाराज, वेळेच्या बाबतीत जरा सांभाळून घ्या.

आपली गॅलरी म्हणजे केवढी? लाँड्री आणि फ्रेमच्या दुकानामधली एक लांबट खोली. मागे प्लायवुडचं पार्टिशन, त्यामागे चहाची शेगडी आणि दोन स्टुलं. ज्याचं प्रदर्शन असेल त्या चित्रकाराने त्या स्टुलावर बसायचं. बाहेर यायचं नाही, हा ताईंचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक. आणि बघून निघालेल्या प्रत्येक माणसाला ताई दारात गाठणार आणि एकच प्रश्न विचारणार, “काय दिसलं?” आवडलं का, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. काय दिसलं, एवढंच. माणूस बोलायला लागला की पार्टिशनमागे आमचा जीव खालीवर. माझं समुद्राचं चित्र बघून एक प्लंबर म्हणाला होता, “पाणी भरपूर आहे, पण जाणार कुठून ते दाखवलेलं नाही.” हसताय काय? मी आठवडाभर ब्रश हातात धरला नव्हता. एका निवृत्त नर्सबाईंनी एका पोर्ट्रेटबद्दल सांगितलं, “हा माणूस आत्ता भांडून आलाय आणि चूक त्याचीच आहे.” ते चित्र काढणारे आपले मित्र इथेच तिसऱ्या ओळीत बसलेत. ते स्वतःचंच पोर्ट्रेट होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी भावाला फोन केला.

दुसरा दंडक निवडीचा. चित्रं बुधवारी आणायची, भिंतीकडे तोंड करून ठेवायची आणि निघून जायचं. पाठीवर नाव चालेल, पण समोर सही नको. शुक्रवारी ताईंचा फोन येणार. हो किंवा नाही, आणि नाही असेल तर एका वाक्यात कारण. त्या एका वाक्यासाठी लोक शुक्रवारी जेवण पुढे ढकलत. गेल्या चार-पाच वर्षांत तर ही वाक्यं फारच धारदार झाली होती. माझं एक मोठं चित्र परत आलं तेव्हा ताई म्हणाल्या, “माप बरोबर आहे, पण अंगावर बसत नाही.” अहाहा! मी दुखावलो, पण त्या वाक्यावर फिदा झालो. मंडळाच्या वर्गात शिकवताना मी ते किमान पन्नास वेळा फळ्यावर लिहिलं असेल. समीक्षा म्हणजे काय, तर ही, असं म्हणायचो. घरी जेवताना बायकोलाही सांगायचो. आमची मंडळी मान खाली घालून ऐकायची आणि म्हणायची, “आणखी वाढू का?”

आता मंडळाबाहेरच्यांना माहीत नसलेली एक गोष्ट. ताई दमल्या म्हणून गॅलरी सोडतायत. जागामालक भला माणूस आहे. तो म्हणाला, महिनाअखेरपर्यंत कुणी चालवणारं मिळालं तर जागा गॅलरीलाच राहील, नाहीतर तो खोक्यांचं गोडाऊन करणार. ताईंनी मंडळाला कळवलं की माझ्या मनात एक बाई आहेत. नाव एवढ्यात सांगत नाही. चित्रकार नाहीत, शिकलेल्या नाहीत, पण बघतात नीट. आणि मी, मंडळाचा कार्यवाह, पेटून उठलो. पत्र लिहिलं. ‘कलेचं रीतसर शिक्षण नसलेल्या व्यक्तीच्या हाती कलादालन सोपवणं म्हणजे कलेची विटंबना होय.’ माझ्यासकट अकरा सह्या गोळा केल्या. पाठवण्याआधी घरी मोठ्याने वाचून दाखवलं, शब्द कसे जमलेत बघ म्हणून. मंडळी म्हणाली, “जरा कडक झालंय.” मी म्हटलं, “कडकच पाहिजे!”

तर मंगळवार. मानपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. एकदा नजर घाला म्हणून दुपारी ताईंकडे नेलं. ताईंनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, थोडा बाजूला धरला आणि म्हणाल्या, “वा! अक्षर काय सुरेख आलंय!”

मी त्यांच्या हातात कागद उलटा दिला होता, मंडळी. मागची बाजू वर होती. पूर्ण कोरी.

मला आधी वाटलं थट्टा करतायत. मी हसलोसुद्धा. त्या हसल्या नाहीत. मी म्हटलं, “ताई, कागद कोरा आहे.” त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, “पाच वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं, मधलं गेलंय. भिंती दिसतात, दारं दिसतात. तोंडं दिसत नाहीत. चित्रं तर नाहीतच.”

हो, बरोबर ऐकलंत. माझंही असंच झालं होतं, आत्ता तुमचं झालंय तसं. आपल्यापैकी एकालाही कळलं नाही. आपण स्वतःला बघणारी माणसं म्हणवतो! रोज समोर बसणाऱ्या बाईची नजर गेली आणि आपण तिच्या नजरेवर व्याख्यानं देत होतो. ‘काय दिसलं’ हा प्रश्न त्या आधीपासून विचारत होत्या, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण गेली पाच वर्षं त्या खरंच विचारत होत्या. त्या प्लंबरने, त्या नर्सबाईंनी ताईंना चित्रं दाखवली आहेत.

मी विचारलं, “मग शुक्रवारचे ते निकाल? चित्रं निवडतं कोण? लावतं कोण?” माझा आवाज चढला होता. ताई म्हणाल्या, “सांगायला हवं होतं मी. भीती वाटली, लोक म्हणतील आता बंद करा. निवडतं तुमच्याच घरचं माणूस. माझ्या मनातल्या बाई त्याच.”

आमची मंडळी दर गुरुवारी गॅलरीत जाते. झाडायला-पुसायला मदत करते, असा माझा समज होता. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. ती शिवणाच्या दुकानात कटिंग करते. तीस वर्षं लोकांची मापं घेते. आता ते वाक्य पुन्हा ऐका. माप बरोबर आहे, पण अंगावर बसत नाही. मी फळ्यावर लिहीत होतो, मंडळी! पन्नास वेळा!

घरी गेलो. ती टेबलावर कापड पसरून खडूने रेघा मारत होती. मी दारातूनच ओरडलो, “माझी तीन चित्रं तू नाकारलीस?”

“तीन नाही, पाच. दोन तुम्ही पाठीवर दुसऱ्याचं नाव घालून दिली होतीत.”

“ती माझी आहेत हे कळलं नाही तुला?”

“कळलं. म्हणून तर जास्त वेळ बघितली.”

मी म्हटलं, “मग मला घरी का नाही सांगितलंस? तोंडावर?”

तिने कात्री खाली ठेवली. “तुम्ही विचारलंत कधी? तीस वर्षांत एकदा तरी? प्लंबरला काय दिसलं ते तुम्ही मला चार वेळा सांगितलंत.”

खोटं कसं म्हणू? मुलांना विचारलं, विद्यार्थ्यांना विचारलं, पोस्टमनला थांबवून विचारलं. हिला विचारलं ते एवढंच, की माझा रंग लागलेला शर्ट कुठे आहे. आणि वर ते पत्र हिच्याच विरुद्ध लिहून हिलाच वाचून दाखवलं. लाज वाटते, आणि चारचौघांत वाटते तेच बरं.

तिने ताईंना नाही म्हणून कळवलं आहे. कारण विचारलं तर म्हणाली, “गॅलरीपायी घरात कायमची धुसफूस नको मला.” म्हणजे महिनाअखेर खोकी येणार, आणि ती माझ्यामुळे येणार.

म्हणून अध्यक्षमहाराज, ते पत्र मी या व्यासपीठावरून मागे घेतोय. उरलेल्या दहा जणांशी मी सकाळी बोललोय. दोघं चिडले, पण सह्या सगळ्यांनी मागे घेतल्या आहेत. आणि आता, सभागृहाची माफी मागून, पाचव्या ओळीत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंशी बोलतो.

अहो, चालवाल का गॅलरी? माझ्यासाठी नव्हे. मी मोडता घालणार नाही, घरीही नाही. सगळ्यांसमोर सांगतोय.

काय? जरा मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाहीये.

मंडळी, त्या म्हणतायत, चालवेन. पण पहिल्या वर्षी तुमचं एकही चित्र लावणार नाही.

टाळ्या वाजवताय? वाजवा, वाजवा. ... का, ते तरी सांगाल? ... म्हणतायत, “तुम्ही पाच वर्षं ताईंना आवडावीत म्हणून चित्रं काढलीत. आता वर्षभर कुणासाठीच काढू नका.”

मान्य. मला... मला पाणी द्या जरा. मान्य आहे.

ताई, तुमचे आभार कुठल्या तोंडाने मानू? तुम्हाला दिसत नसताना तुम्ही आम्हाला सांभाळलंत, आम्हाला दिसत असून तुमचं दुखणं कळलं नाही. मानपत्र वाचून दाखवायला मी उद्या घरी येतो. जागामालकांचे, फ्रेमवाल्यांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, घरचं बाहेर जास्त आलं असेल, तर हा माणूस गडबडलेला होता असं समजून पोटात घाला. मी खाली जाऊन बसतो. पाचव्या ओळीत शेजारची खुर्ची रिकामी आहे का, ते आधी विचारतो.